नाव खिशात

३ एप्रिल

टिटवे,

तुझं पत्र मिळालं. चष्मा लावून एकदा वाचलं, काढून एकदा वाचलं, दोन्ही वेळा तेच निघालं. म्हणजे सोळा वर्षं शिकलीस, आम्हा दोघी म्हाताऱ्यांना टाकून एवढ्या लांब गेलीस, आणि आता एका बंद पडलेल्या वर्तमानपत्राच्या तळघरात बसून एकच शब्द वेचतेस? इसम! मी चौथीतच शाळा सोडली ते बरं झालं बाई. मला निदान अख्खं वाक्य वाचू देतात.

चिडू नकोस. समजलं मला सगळं. मोठा शब्दकोश होणार, जुन्या बातम्यांत प्रत्येक शब्द कसकसा वापरलाय ते त्यात दाखवणार, प्रत्येक वापराचं एक कार्ड, आणि तुझ्या वाट्याला इसम आला. नशीब लागतं. फोन कर म्हणतेस, पण फोनवर मला नुसता तुझा श्वास ऐकू येतो. एक कान गेलाच, दुसरा तुझ्या आईची बडबड ऐकण्यापुरता राखून ठेवलाय. तेव्हा पत्रच लिही.

तुझ्या काकांच्या बातम्यांत इसम इतके का, म्हणून विचारलंस. सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

हे या गावचे वार्ताहर झाले त्या पहिल्याच वर्षी यांनी एका पत्रा चोरणाऱ्याची बातमी दिली. नाव, बापाचं नाव, गल्ली, सगळं छापून आलं. बिचाऱ्यानं तो पत्रा घरातल्या बाळंतिणीच्या डोक्यावर घालायला नेला होता. पत्रा परत गेला, पण नाव काही परत घेता येईना. शाळेतली पोरं त्याच्या मुलाला ‘पत्र्या’ म्हणायला लागली. तो अजून पत्र्याच आहे. आता त्याला नातवंडं आहेत, ती ‘पत्र्याची नातवंडं’.

हे चार दिवस नीट जेवले नाहीत. मग नियम केला. बातमीतल्या माणसाचं नाव खरंच ठाऊक नसेल तर लिहायचं ‘माणूस’. ठाऊक असेल आणि गिळायचं असेल, तर ‘इसम’. मला म्हणाले, “इसम वाचलंस की समजायचं, नाव माझ्या खिशात आहे.”

झालं, मला खेळच मिळाला. दुपारच्या बसनं पेपर यायचा. मी इसम शोधायची आणि नाव ओळखायची. बरोबर आलं तर चहा यांनी करायचा, चुकलं तर मी. तेरा वर्षं खेळलो. चहा मला अकराच वेळा करावा लागला. मग खेळ बंद पडला. कंटाळा येतोच कशाचाही.

तुझी आई बरी आहे. तुझ्या बाबांचा कोट रोज खुंटीवरून काढते, झटकते, परत लावते. मी इतक्या वर्षांत आमच्या यांना एवढं झटकलं नसेल. विसरणं मात्र वाढलंय. परवा मलाच विचारलं, “तुम्ही कुणाकडच्या?” मी म्हटलं, “चोरांकडची.” तर म्हणते, “बसा, चहा घ्या.” मागच्या दाराला कडी लावू देत नाही. दुपारी चार वाजले की म्हणते, पायरीवर टाच वाजली.

आणखी इसम असतील तर पाठव. ओळखून दाखवते.

तुझी आगाऊ काकू


११ एप्रिल

प्रिय काकू,

नियम वाचून मी तळघरात एकटीच मोठ्यानं हसले. वरून शिपाई विचारायला आला, काय झालं म्हणून.

इतर वार्ताहरांचं असं काही दिसत नाही. त्यांच्याकडे बक्षीस मिळालं की गृहस्थ, देणगी दिली की सद्गृहस्थ, आणि पाकीट मारलं की इसम. एका बातमीत तर एकच जण वरच्या ओळीत ‘प्रतिष्ठित गृहस्थ’ आहे, आणि खालच्या ओळीत दारू पिऊन नळावर पडल्याबरोबर ‘सदर इसम’ झाला. मेलेले सगळे इसम. पळून गेलेले इसम. आमचे कोशाचे साहेब म्हणतात, हा शब्द म्हणजे ज्याला उभं राहायला जागा नाही त्याच्यासाठी ठेवलेलं बाकडं आहे. मला ते कार्डावर लिहायचं होतं, नाही म्हणाले.

आता काकांचे तीन. ओळखून दाखव.

एक : ‘येथील वखारीच्या वजनकाट्याखाली दगड बांधून लाकूड तोलणाऱ्या एका इसमास ग्राहकांनी काल काट्यावर बसवून तोलले.’

दोन : ‘एका इसमाने प्रवासी बोटीत विसरलेली पेटी चौदा मैल चालत जाऊन मालकिणीस परत केली. आपले नाव कळू नये अशी त्याची इच्छा आहे.’

तीन : ‘शाळेच्या छपरावर चढून बसलेल्या इसमास गुरुवारी सायंकाळी खाली उतरविण्यात आले. कारण समजले नाही.’

दुसरा वाचून बरं वाटलं. चांगल्या माणसाला इसम म्हणणारे मला काकाच दिसले फक्त.

आईला माझा पापा. तिला माझं नाव आठवतं ना?

तुझी टिटवी


१७ एप्रिल

टिटवे,

हे काय विचारणं झालं? तुझं नाव आठवतं. फक्त तू चार वर्षांची आहेस आणि शेजारी खेळायला गेली आहेस. मी म्हणते, येईल हं. ती म्हणते, पायात काही घातलंय का तिनं?

पहिला, वजनकाट्यावरचा तिरळा. डोळा तिरळा आणि काटाही. या बातमीनंतर तो यांच्याशी दोन वर्षं बोलत नव्हता. पुढे मात्र सहा वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तोच रडला. मी त्याला म्हटलं, “अरे, मी बायको आहे, मला तरी रडायला जागा ठेव.”

दुसरा, बोटीवरचा कोळसेवाला. चौदा मैल परत पण चालतच आला, कारण बोटीचं तिकीट काढायला पेटीवाली विसरली.

तिसरा आपला ड्रॉइंगचा मास्तर. कारण समजलं नाही कसं, सगळ्या गावाला समजलं होतं. हेडमास्तरांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

तिन्ही बरोबर. तीन चहा. पण देणारा कुठंय?

एक सांगू का? तू हे इसम पाठवतेस ना, ते नुसते पत्रातून येत नाहीत. परवा तुझं पत्र वाचून मी उठले, तर वाटलं, यांच्या टेबलापाशी कुणीतरी टेकून उभं आहे, नाव सांगायचं राहिल्यासारखं. वळून बघितलं तर आपला कोट. मी कोटाला म्हटलं, “बसा.” मला पण तुझ्या आईची हवा लागायला लागली.

टाच म्हणजे कुठली टाच, तुला आठवत नसेल. पेपरात फोटो छापायला तांब्याचा ठसा लागायचा. जुना झाला की फेकून द्यायचे. तुझ्या काकांनी असाच एक घरी आणला होता, कुठल्याशा पुढाऱ्याचा. दादानं, म्हणजे तुझ्या बाबांनी, तो कापून आपल्या डाव्या बुटाच्या टाचेला ठोकला, टाच झिजू नये म्हणून. अर्धा चेहरा टाचेखाली. म्हणायचे, “हे लोक जन्मभर आपल्याला तुडवतात. एकाला मी तुडवतो.” बंधाऱ्याच्या दारावरची नोकरी आटपून घरी आले की पायरीवर टक वाजायचं. तुझी आई त्या टक-वर भाकरी टाकायची.

बास झालं. आज भलतंच लिहून गेले. हसरे इसम पाठवत जा.

तीन चहाची धनीण


२ मे

प्रिय काकू,

बत्तीस वर्षांपूर्वीच्या बाडाशी येऊन पोचले. हसरं काही नाही.

‘काल दुपारी बंधाऱ्याचे दार ठरल्या वेळेच्या आधी उघडले गेल्याने खाली कपडे धूत असलेल्या दोन स्त्रिया वाहून गेल्या. दार उघडणारा इसम बेपत्ता असून त्याचा शोध सुरू आहे. दार उघडण्याच्या इशाऱ्याची शिटी कोणी दिली हे समजले नाही.’

हा इसम मला ओळखता येतो. काकांनी सख्ख्या भावाला त्या बाकड्यावर बसवलं, आणि मी त्याला नंबर दिला. चारशे सोळा. अक्षर जरा वाकडं आलंय.

तुम्ही सगळ्यांनी मला कधी फसवलं नाहीत, ते एक बरं. दार उघडलं, दोघी गेल्या, बाबा लाजेनं निघून गेले, कधीतरी येतील. मी लहानपणापासून एवढंच ऐकलं आणि ते पुरलं. अजूनही स्टेशनवर, बँकेत, कुठंही रांगेत उभी राहिले की मी लोकांचे चेहरे बघत नाही, टाचा बघते. नवऱ्याला कळत नाही, ही सारखी खाली का बघते. कळलं तरी हसेल.

पण काकू, अकरा दिवसांनी ही बातमी आहे :

‘खालच्या बंधाऱ्याच्या जाळीत सुमारे पस्तीस वर्षे वयाच्या एका इसमाचे प्रेत आढळले. ओळख पटली नाही. पोलिसांनी विल्हेवाट लावली.’

आमच्या वार्ताहराकडून, म्हणजे काकांकडून. ओळख पटली नाही, तर मग माणूस हवा होता ना? इसम का?

हे कोण होतं?

टिटवी


५ मे

टिटवे,

अगं, तो वजनकाट्यावरचा तिरळा. दारू पिऊन पडला पाण्यात. घरच्यांची अब्रू नको जायला म्हणून यांनी इसम लिहिलं. एवढंच. लिही कार्डावर आणि पुढं सरक.

इकडे उन्हाळा फार आहे. आईच्या पायाला सूज आहे, पण डॉक्टर म्हणाले काळजी नाही. घाईत लिहितेय, पोस्टमन दारात उभा आहे.

काकू


९ मे

काकू,

बत्तीस वर्षांपूर्वी बुडालेला तिरळा सहा वर्षांपूर्वी काकांच्या मयतीला मोठ्यानं रडला?

तुझं पत्र समोर ठेवून लिहितेय. आणि पोस्टमन दारात कधी उभा राहत नाही. तूच सांगायचीस, सायकलवरूनच फेकतो म्हणून.

टिटवी


१४ मे

टिटवे,

मेलेल्यांना रडायला वेळ जास्त असतो. आम्हाला घरची कामं असतात.

बरं, चुकले. म्हातारी झाले. दोन तिरळे होते असं समज. नाहीतर छापणाऱ्यांनी घोळ केला असेल, हे तेव्हा आजारी होते, घाईत लिहिलं असेल. तू तरी किती खोदतेस? शब्द वेचायला बसवलंय तुला, विहीर खणायला नाही.

आई आज मला म्हणाली, “तुमच्या जाऊबाई कुठं गेल्या?” मी म्हटलं, “तुम्हीच की त्या.” तर पदर तोंडाला लावून हसली. अशी हसते की वाटतं, सगळं ठाऊक आहे हिला.

हा विषय पुरे.

काकू


२९ मे

काकू,

पंधरा दिवस गप्प बसले. आता बसवत नाही.

काका तेव्हा आजारी नव्हते. त्याच अंकात त्यांच्या आणखी दोन बातम्या आहेत, एक बैलाची आणि एक पुलाच्या कठड्याची.

आणि दुसरं. बातम्यांचे हाताने लिहिलेले मूळ कागद त्या काळी तारेला टोचून ठेवायचे. त्यातल्या काही तारा इथे मागच्या कपाटात तशाच आहेत, गंजलेल्या. मी त्या वर्षाची तार मागून घेतली. काकांचं अक्षर मी झोपेतही ओळखीन, मला मुळाक्षरं त्यांनीच गिरवायला दिली होती.

कागदावर आधी लिहिलंय, ‘एका माणसाचे प्रेत’. मग ‘माणसाचे’ यावर एक आडवी रेघ, आणि वर ‘इसमाचे’. खाली एक अख्खी ओळ खोडलेली आहे. पण रेघ एकच असल्यामुळे वाचता येते. ‘डाव्या बुटाच्या टाचेस तांब्याची पट्टी.’

मी तो कागद हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. शिपायानं खुर्ची आणून दिली.

काकू, पहिली ओळ लिहिताना काकांना माहीत नव्हतं, आणि ती ओळ लिहिताना कळलं. हो ना? मग त्यांनी गप्प का बसावं? आई तिकडे कोट झटकतेय. मी इकडे टाचा बघतेय. तुम्ही दोघं एवढी वर्षं बघत राहिलात?

आता मला चिडवू नकोस. नुसतं सांग.

टिटवी


६ जून

पोरी,

चिडवत नाही. कसं सांगायचं ते मात्र ठाऊक नाही. मी कधी चिडवल्याशिवाय काही सांगितलेलं नाही.

अकराव्या दिवशी बसचा ड्रायव्हर म्हणाला, खाली जाळीत कुणीतरी अडकलंय. हे वही घेऊन गेले. यांची सवय, जागेवरच उभ्याउभ्या लिहायला सुरुवात करायचे. अकरा दिवस पाण्यात राहिल्यावर तोंड काही ओळखू येत नाही गं. लिहिलं ‘एका माणसाचे’. मग त्या लोकांनी काठीनं वळवलं तेव्हा पाय वर आला. टाचेवर तो अर्धा पुढारी. यांनीच आणलेला ठसा. तसेच ती ओळही लिहून गेले, कारण लिहायची सवय. मग थांबले.

घरी आले आणि मला वही दाखवली. तुला शेजारी सोडलं आणि तुझ्या आईला घेऊन आम्ही तिघं गेलो.

चुन्यानं रंगवलेली खोली होती. एक खिडकी, एक बाकडं. हवालदार तरुण होता, त्याला आमच्याकडे बघवत नव्हतं. म्हणाला, “बाई, ओळखता का?” चादर पायावरून थोडी सरकली होती. तुझी आई वाकली, चादर ओढून टाच झाकली, नीट, मुलाच्या पायावर घालतात तशी. आणि म्हणाली, “नाही. हा आमचा नाही. आमच्यांचे पाय मोठे आहेत.”

ऐकलंस? झाकलं तुझ्या आईनं. आम्ही नव्हे.

बाहेर आल्यावर हे तिला म्हणाले, “वहिनी, हे काय केलंत?” ती म्हणाली, “हे पाण्यात गेले असं कळलं तर गाव म्हणेल, दोघींना यानंच मारलं, म्हणून जीव दिला. निघून गेलेत म्हटलं तर निदान संशय राहील, की शिटी कुणी दिली. आणि भाऊजी, माझ्या पोरीला पाण्यातला बाप नको. रस्त्यातला असू दे. येतोय, येतोय, करत मोठी होईल ती.”

हे म्हणाले, “मी आजवर खोटं छापलं नाही.”

ती म्हणाली, “मग खोटं लिहू नका. तुमचा तो शब्द लिहा.”

मला वाटायचं, नियम आम्हा दोघांचाच. तिला कधी कळला? मीच कधीतरी चहाबरोबर ओकले असणार. त्या परिस्थितीतही मला राग आला बघ, आमचा शब्द हिनं वापरला म्हणून. बाई माणसाचं काही खरं नाही.

यांनी वहीतल्या त्याच पानावर दोन रेघा मारल्या आणि पान फाडून बसनं पाठवलं. दोन दिवसांनी पेपर आला. मी उघडला. ओळखायचं काही नव्हतंच. पण मी नाव घेण्याआधीच हे उठले आणि चहा ठेवला यांनी. दोन कप. दोघांच्या कपावर साय आली, सुरकुतली, तरी कुणी हात लावला नाही. त्यानंतर हे आणखी बारा वर्षं वार्ताहर होते. तुझं बाड चाळून बघ, तुला यांचा एकही इसम सापडणार नाही. ओळखीचा असो, बिनओळखीचा असो, सगळे माणूस. तो शब्द यांनी दादाबरोबर सोडून दिला.

आता आईचं. तू शाळेत गेलीस की ती मागच्या दाराला कडी लावायची. तुझ्या यायच्या वेळी काढून ठेवायची. कोट झटकायची तोही तू बघत असताना. मी म्हणायची, “वहिनी, नाटकात जायचंत.” ती म्हणायची, “एकच बघणारी आहे, तिच्यापुरतं जमतंय.”

तू लग्न होऊन गेलीस. बघणारी गेली, तरी हिचा हात काही थांबेना. आणि आता विसरायला लागली, तर काय विसरली सांगू? ती चुन्याची खोली विसरली. नाटक होतं हे विसरली. कडी लावायचं विसरली. आता ती खरीच वाट बघतेय, टिटवे. आणि तुझ्याजवळ कबूल करते, चार वाजता मला पण टक ऐकू येतं. गेलेल्या कानानं.

काकू


१२ जून

काकू,

काकांचं त्यानंतरचं सगळं बाड चाळलं. खरंच एकही नाही.

मी येत्या रविवारी येते. दुपारच्या बसनं. जाळीतल्या इसमाचं कार्ड आणि काकांच्या त्या कागदाची नक्कल दोन्ही आणते. मी आईला सांगणार आहे. तिनं माझ्यासाठी ते केलं, मग मीच तिला त्यातून सोडवायला पाहिजे. एवढ्या वयात रोज चार वाजता दारात उभं राहायचं? आणि मलाही सुटायचंय. काल भाजीच्या दुकानातून मी एका म्हाताऱ्याच्या टाचेमागे रस्त्यापर्यंत गेले, कागद वाचलेला असूनसुद्धा.

तू अडवशील. अडवू नकोस.

टिटवी


१४ जून

टिटवे,

हे पत्र तुला निघायच्या आधी मिळालं तर बरं.

अडवत नाही. एकच विचारते. तू सांगशील, ती रडेल, संध्याकाळपर्यंत विसरेल. सोमवारी चार वाजता परत दारात. मग मंगळवारी मी सांगू? बुधवारी पुन्हा? तिच्यापुरता दादा एकदाच मेला होता. आपण रोज मारायचा का?

यांच्या रिकाम्या खुर्चीशी मी पैज लावली आहे, की तू सांगणारच. तुझ्या हट्टाला मी चांगली ओळखते, माझ्याच मांडीवर शिकलीस तो.

ये. पायात काही घालून ये.

काकू


२५ जून

टिटवे,

नीट पोचल्याचं कळलं.

मी बहिरी आहे, आंधळी नाही. तू पर्समधून कार्ड तीनदा काढलंस आणि तीनदा आत ठेवलंस. आईनं तुला विचारलं, “तुम्ही कुणाकडच्या?” आणि तू म्हणालीस, “इथलीच, शेजारची.” तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले, डबे लावायला. डबे लावलेलेच होते.

मग चार वाजले. तिनं मान वर केली, “आले वाटतं.” मी म्हटलं, आता सांगते ही. तू उठलीस, मागचं दार उघडलंस, रिकाम्या पायरीकडे बघितलंस. मग वळून म्हणालीस, “अजून नाही, आई.” ती म्हणाली, “येतील.” तू म्हणालीस, “हो.”

मी पैज हरले. तू गेल्यावर चहा केला. दोन कप. एक मी प्यायले, आणि दुसराही मीच प्यायले, यांना आता चालतो.

पण खरी गोष्ट पुढं आहे. तू कार्ड साखरेच्या डब्याखाली विसरून गेलीस. की ठेवून गेलीस, ते तुझं तुला ठाऊक. मंगळवारी आईनं साखरेला हात घातला आणि कार्ड तिच्या हातात. हिसकावून घ्यावं तर वाचायला सुरुवात झालेली.

ती खिडकीपाशी गेली. ओठ हलवत वाचलं, एकदा, दोनदा. मग माझ्याकडे बघितलं, आणि देवाशपथ सांगते, ती बत्तीस वर्षांपूर्वीची बाई होती. डोळे अगदी तेच.

म्हणाली, “भाऊजींनी इसमच लिहिलं ना? शब्दाचे पक्के.”

मी म्हटलं, “हो वहिनी.”

“पोरीला कळलं नाही ना?”

मी म्हटलं, “नाही.”

“सांगू नकोस हं. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.”

मी म्हटलं, “बत्तीस वर्षं भिजत घातलाय, वहिनी. आता त्याला मोड आले.” तर हसली गं. चक्क हसली. मग माझा हात धरला आणि म्हणाली, “शब्द दे.” मी दिला.

मग पेन्सिल मागितली. कार्डावरच्या इसम या शब्दावर एकच आडवी रेघ मारली आणि त्याच्या वर दादाचं नाव लिहिलं. सगळं नाव, बापाच्या नावासकट, ठळक. कार्डाची घडी घातली, कोट खुंटीवरून काढला, झटकला, घडी आतल्या खिशात सारली, वरून दोनदा थोपटलं आणि कोट परत लावला. मला म्हणाली, “मागचं दार लाव. वारा येतोय.” मी दार लोटलं. “कडी?” “लाव की.” लावली. पावणेचार झाले होते. चार वाजले, सव्वाचार वाजले. काही वाजलं नाही. ना तिला, ना मला. मी तर कान लावून बसले होते.

बुधवारी सगळं विसरली. सकाळीच म्हणाली, “कडी कुणी लावली? काढ आधी.” काढली. चार वाजता टक वाजलं. मी म्हटलं, “अजून नाही, वहिनी.” म्हणजे आपलं चाललंय.

तेव्हा आता नीट ऐक. तुला काही ठाऊक नाही. मी तुला काही सांगितलेलं नाही, मी शब्द दिलाय. माझी सहा जूनची चिठ्ठी जाळून टाक. पुढच्या खेपेला येशील तेव्हा तू वाट बघणारी मुलगी हो. इतकी वर्षं तिनं एकटीनं तुझ्यासाठी केलं, आता थोडे दिवस तू तिच्यासाठी कर. जमेल तुला. तिचीच मुलगी आहेस. फक्त रस्त्यात टाचा बघणं तेवढं सोड आता.

तुझ्या साहेबांच्या डब्यात एक कार्ड कमी भरेल. विचारलं तर सांग, त्या इसमाचं नाव सापडलं, आणि तो आपलं कार्ड घेऊन घरी गेला.

तुला काहीही न सांगितलेली,
काकू